मुलींच्या संडासावरची पाटी

आमच्या शाळेत घड्याळांना तोटा नाही. प्रत्येक वर्गात एक, कार्यालयात दोन, व्हरांड्यात एक, आणि एक तर वाचनालयाच्या कपाटाच्या आत आहे, कारण बाहेर भिंतीवर जागाच उरली नव्हती. प्रत्येकाखाली छोटी पाटी: कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. यातल्या कुठल्याही दोन घड्याळांची वेळ जुळत नाही. घंटा द्यायची ती शिपाईमामांच्या मोबाइलवर बघून.

कुळगावच्या जुन्या वस्तीतली ही शाळा गावानं बांधलेली. एका शेतकरी कुटुंबानं जागा दिली, कुणी लाकूड दिलं, कुणी विटा, आणि ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं त्यांनी डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या. शिक्षकांचे पगार सरकार करतं, बाकी सगळं आजही गावाच्या मंडळाकडे. मी अंबरनाथला राहते आणि इथली मुख्याध्यापिका आहे. रोज सकाळी स्कूटर काढून इकडे येणं इतकी वर्षं चाललंय, की मी बसले नाही तरी स्कूटर एकटी शाळेत पोचेल असं माझे यजमान म्हणतात.

गावाची एक जुनी रीत आहे. घरातलं माणूस गेलं, की त्याच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास घरचे लोक शाळेत येतात, पोरांना पेढे वाटतात आणि शाळेला एक वस्तू देतात. पंखा, बाक, फळा, पाण्याचा फिल्टर, सरस्वतीची तसबीर. वस्तूवर गेलेल्याचं नाव घालायचं. पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा नावं रंगवलेली आहेत. उन्हाळ्यात पंखे सुरू झाले की ती दिसेनाशी होतात, म्हणून एका काकांनी मला एकदा मनापासून विचारलं होतं, ‘‘बाई, आमच्या तात्यांचा पंखा जरा सावकाश नाही का फिरवता येणार?’’

मी या रीतीची कितीही थट्टा केली तरी तिच्यावर माझा जीव आहे. दुसऱ्या शाळांना देणगीदार शोधावे लागतात, आमच्याकडे ते स्वतःहून येतात. आणि या सगळ्या पाट्या करून देतो माझाच सख्खा मोठा भाऊ. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये त्याचं छोटं दुकान आहे: नावाच्या पाट्या, रबरी शिक्के, बक्षिसाचे कप. दादाला आमच्या गावातले निम्मे पूर्वज तोंडपाठ आहेत.

फक्त एक गोष्ट या रीतीतून कधी आली नाही, आणि का आली नाही ते माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं जावी लागली.

डिसेंबरात पालकसभा होती. आमची बलस्थानं कोणती आणि सुधारणा कुठे हवी, हे पालकांकडूनच काढून घ्या, असं वरून सांगणं होतं. बलस्थानं हा शब्द ऐकला की मला कुस्तीचा आखाडा आठवतो. मी फळ्यावर मधोमध रेघ मारली, डावीकडे लिहिलं ‘काय चांगलं’, उजवीकडे लिहिलं ‘काय कमी’, आणि खडू हातात धरून उभी राहिले.

डावी बाजू पहिल्यांदा भरली. खिचडी चांगली असते. बाई मारत नाहीत. (इथे एक बाप म्हणाला, ‘‘मारलं तरी चालेल.’’) आमच्याकडे सातवीची मुलं रोज जेवणानंतर पहिली-दुसरीच्या मुलांना शेजारी घेऊन वाचायला शिकवतात, ते सगळ्यांना आवडत होतं. मुळात शिक्षक कमी पडले म्हणून काढलेली ही युक्ती होती, पण आता शिक्षक पुरेसे असले तरी मी ती मोडणार नाही. फर्निचरच्या कामाला आलेले एक भाई उठून म्हणाले, ‘‘मॅडम, मेरा लडका घर में मराठी बोलता है। उसकी माँ को डाँटता भी मराठी में है। हमको आधा समझता है, लेकिन अच्छा लगता है।’’ सगळे हसले. मीही हसले आणि ते फळ्यावर लिहिलं.

उजवीकडे मात्र गाडी अडली. कुणी म्हणालं स्टेज वाढवा. कुणी म्हणालं गेटला कमान पाहिजे, शाळा रस्त्यावरून दिसत नाही. एकजण म्हणाला, मैदानात घड्याळ लावा. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बसला. बायका मागच्या बाजूला बसल्या होत्या. मी मुद्दाम त्यांना विचारलं, ‘‘तुम्ही सांगा, काय कमी आहे?’’ त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि एकजण म्हणाली, ‘‘सगलं चांगलं हाय बाय.’’ झालं. फळ्याची उजवी बाजू बरीचशी कोरी ठेवून सभा संपली आणि मंडळाचे अध्यक्ष खूश होऊन घरी गेले.

संक्रांतीनंतर शाळेत आयांचं हळदीकुंकू असतं. त्या दिवशी पुरुषांना फाटकाच्या आत घेत नाही, शिपाईमामासुद्धा बाहेर टपरीवर जाऊन बसतात. त्या वर्षी मी वाण म्हणून पाण्याच्या बाटल्या आणल्या होत्या, मुलांच्या दप्तराच्या खिशात मावतील अशा. एकेकीला हळदकुंकू लावत, तिळगूळ देत आणि बाटली ओटीत घालत मी पुढे सरकत होते. चौथीतल्या एका मुलीची आजी आली होती, जुन्या गावातली, शेतकरी घरातली, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली. तिनं तिळगूळ घेतला आणि बाटली माझ्या हातात परत ठेवली.

‘‘ही नको मना,’’ ती म्हणाली. ‘‘आमची नात पानी पीत नाय.’’

मला वाटलं बाटलीचा रंग आवडला नसेल. मी म्हटलं, ‘‘अहो, दुसरी देते, गुलाबी आहे.’’

‘‘रंगाचा नाय वो बाय. पोर सकालपासून सांजपरयंत घोटभर पानी पीत नाय. आठ दिस घरी हाय ती, ठाव हाय ना तुमाला? लघवीला आग होते. डागतर बोलला, पानी पी. ती बोलते, पानी पिला तर जाया लागंल. जाया लागंल तर सालेत कुठं जाऊ?’’

ती मुलगी आजारी असल्याचं मला माहीत होतं. का आजारी आहे ते माहीत नव्हतं. या मुलीचा आवाज म्हणजे आमच्या शाळेची घंटा. सकाळच्या परिपाठाला बातम्या वाचायला ती उभी राहिली, की माइक लागत नाही, समोरचा वाणी तराजू थांबवून ऐकतो. ती नसली की परिपाठ मला अळणी वाटतो. गेले आठ दिवस अळणीच चालला होता.

आमच्या शाळेत मुलींसाठी संडास नव्हता असं नाही. मागच्या कुंपणाला लागून एक जुनी खोली होती. तिच्या दाराची कडी मोडली होती, म्हणून एक मुलगी आत गेली की दुसरीनं दार धरून उभं राहायचं. नळाला पाणी नव्हतं. कुंपणापलीकडे रिक्षावाले थांबत. आम्ही शिक्षिका समोरच्या ओळखीच्या घरी जात असू. दर वर्षी मी मंडळाच्या बैठकीत विषय काढायचे, दर वर्षी ‘बघू’ असं उत्तर मिळायचं आणि विषय पुढच्या वर्षात जायचा.

आजीनं तोंड उघडलं आणि सभागृहात धरण फुटलं. एकीची मुलगी मधल्या सुट्टीत धावत घरी जायची आणि तास बुडवायची. एकीची सकाळी चहासुद्धा घेत नव्हती. ज्या बाईनं डिसेंबरात ‘सगलं चांगलं हाय’ म्हटलं होतं, तीच सगळ्यात मोठ्यानं बोलत होती. मी तिला म्हटलं, ‘‘मग सभेत का नाही बोललात?’’ ती म्हणाली, ‘‘बाप्यांसमोर? आवो बाय, सासरा बसलेला पुढं!’’ सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही, अशी सगळ्यांची गत.

आजी शांतपणे म्हणाली, ‘‘साला चांगली हाय तुमची. माजा पोरगा हितंच शिकला. पन जूनला पोरीला ठेसनाजवलच्या सालेत घालताव. तिथं लाद्या लावल्यात, दाराला कडी हाय.’’

मला राग आला, तो तिचा नाही. मी म्हटलं, ‘‘आजी, जूनच्या आत इथे कडी, पाणी, लाद्या सगळं करते. नाही झालं तर तिचा दाखला मी स्वतः लिहून तुमच्या घरी आणून देईन.’’ आजीनं मान डोलावली, पण बाटली घेतली नाही. ती मी कार्यालयाच्या कपाटात ठेवून दिली.

बोलून गेले खरं. आता घोडामैदान जवळच होतं.

फेब्रुवारीच्या बैठकीला अध्यक्षांनी एका देणगीदाराला बोलावलं होतं. वडिलांच्या नावानं त्याला गेटवर कमान बांधून द्यायची होती. आमचे अध्यक्ष भला माणूस. अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, सकाळी शेतावर आणि दुपारी शाळेत. मुलांच्या ताटातली खिचडी रोज स्वतः चाखतात. त्यांनी कमानीचं चित्र टेबलावर पसरलं. मी म्हटलं, ‘‘चित्र छान आहे. पण शाळेला कमानीपेक्षा मुलींच्या संडासाची गरज आहे. तेवढ्याच खर्चात तो होईल. वडिलांचं नाव त्यावर लावू.’’

देणगीदार हळूच म्हणाला, ‘‘बाई, बाबांनी जन्मभर इज्जत कमावली.’’

‘‘मग?’’

‘‘मग त्यांचं नाव टॉयलेटवर?’’

‘‘नाव नका घालू. नुसतं बांधून द्या.’’

‘‘मग दिलं कोणी ते कळणार कसं?’’ त्यानं हे इतक्या सरळपणे विचारलं की खरं तर मला हसू यायला हवं होतं. पण माझी जीभ माझ्याआधी धावते. मी म्हटलं, ‘‘का हो, तुमचे बाबा कधी गेलेच नव्हते का?’’

तो उठला. चित्राची गुंडाळी केली, अध्यक्षांना नमस्कार केला आणि निघून गेला. अध्यक्षांनी डोक्याला हात लावला. ‘‘बाई, कमानही गेली आणि संडासही गेला.’’ मग म्हणाले, ‘‘तुमचं चुकलं असं नाय म्हणत मी. पण या गावात प्रत्येक वस्तूला नाव लागतं. आणि त्या वस्तूला आपल्या बापाचं नाव लावायला कोणी तयार होणार नाय. मी पण नाय होणार, खोटं कशाला बोलू? नाव कोणाचं, ते आधी सांगा. बाकीचं मी बघतो.’’

तेव्हा कुठे मला उलगडा झाला. घड्याळं एवढी का आणि कडी एक का नाही. गावाकडे पैसा होता, मन होतं, शाळेबद्दल माया होती. फक्त ती माया भिंतीवर टांगता येईल अशाच वस्तूत यायची. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणाचे तरी कैलासवासी हवे होते.

स्कूटरवरून घरी येताना मला आई आठवली.

आमचं लहानपण कॅम्प पाचच्या बराकीत गेलं, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना दिलेल्या जुन्या लष्करी चाळीत. एका ओळीत खोल्या, पुढे सामाईक नळ आणि ओळीच्या टोकाला सार्वजनिक संडास. आजूबाजूला सिंधी घरं जास्त, आमच्यासारखी मराठी थोडी. आई उजाडायच्या आत पाण्याचा डबा घेऊन निघायची. शेजारच्या सिंधी काकी तिच्या जोडीला असायच्या. एक आत, एक बाहेर राखणीला, मग उलट. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण रोजच्या या फेरीनं त्या सख्ख्या बहिणींसारख्या झाल्या होत्या. उजाडल्यावर आई दिवसभर तिकडे जायची नाही, म्हणजे जायचीच नाही. त्यासाठी पाणीच कमी प्यायचं. पेला भरून घेतलेला मला आठवत नाही. तळाशी दोन घोट घ्यायची, ओठ ओले करायची, पेला उपडा घालायची. आम्हाला ती आईची सवय वाटायची, जशी कुणाला चहात साखर कमी लागते तशी.

दादानं पुढे फ्लॅट घेतला तेव्हा आई म्हातारी झाली होती. त्या फ्लॅटमधली तिची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे संडास. दिवसातून दोनदा स्वतः घासायची. पाहुणे आले की आधी त्यांना तो दाखवायची, नळ सोडून, कडी लावून दाखवायची, आणि मग चहा टाकायची. वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण पाणी तेव्हाही आई दोन घोटच प्यायची. शरीराला तेच वळण लागलं होतं.

आई गेली तेव्हा तिच्या दोन पाटल्या मागे राहिल्या. ‘‘यांचं काहीतरी चांगलं करा,’’ एवढंच तिनं सांगितलं होतं. विठ्ठलवाडीला एका देवळाचा जीर्णोद्धार चालला होता, तिथे एका खांबावर आईचं नाव यावं असं दादाच्या मनात होतं.

मी रविवारी दादाच्या दुकानात गेले. तो एका सोसायटीची पाटी पुसत बसला होता. मी सगळं सांगितलं, मुलीचं, आजीचं, कमानीचं. तो ‘च्च च्च’ करत ऐकत होता. मग मी म्हटलं, ‘‘आईच्या पाटल्या त्याला लावू. नाव आईचं घालू.’’

दादाच्या हातातला फडका थांबला. ‘‘पागल हो गयी है क्या?’’ त्याला राग आला की तो हिंदीत शिरतो, दुकानदारीची सवय. ‘‘आईचं नाव संडासावर? अख्ख्या कॅम्पला मी पाट्या करून देतो. लोक विचारतील, तुझ्या आईची पाटी कुठं लागली? काय सांगू?’’

‘‘कुळगावच्या शाळेत लागली म्हणून सांग.’’

‘‘शाळेत कुठं?’’

‘‘दादा, तुला आठवतं का, आई उजाडायच्या आत...’’

‘‘मला सगळं आठवतं,’’ तो ओरडला. ‘‘म्हणूनच सांगतोय. जन्मभर त्या लायनीत उभी राहिली, आता मेल्यावर पण तिला तिथंच उभी करणार तू?’’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, मला ते लागलं. पण मी हट्टी, आणि तो माझा भाऊ. शेजारचा चहावाला डोकावून गेला. दादा आत गेला, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि त्यानं एक पाटली आणून काउंटरवर ठेवली. ‘‘ही तुझ्या वाटणीची. हिचं काय करायचं ते कर. पाटी मी करणार नाही.’’ मी पाटली उचलली आणि निघाले. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. पाडव्यालासुद्धा त्याचा फोन आला नाही, आणि मीही केला नाही.

एका पाटलीत संडास होत नाही. पण मी अध्यक्षांना सांगितलं, ‘‘नाव ठरलं. माझ्या आईचं.’’ ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, ‘‘ठीक आहे बाई. आता माझं काम.’’

आणि मग गंमत झाली. एकदा दुसऱ्या कुणाच्या आईचं नाव लागणार हे पक्कं झाल्यावर गाव मोकळं झालं. आता आपल्या बापावर बालंट नव्हतं. एकानं रेती टाकली, एकानं लाद्या दिल्या, फर्निचरवाल्या भाईनं दारं स्वतः करून दिली आणि मजुरी घ्यायला साफ नाही म्हणाला. ‘‘मेरी बेटी भी अगले साल आएगी, मॅडम।’’ एप्रिलमध्ये कमानवाला देणगीदार परत आला. मी मनाशी ठरवलं होतं की आज जिभेवर ताबा ठेवायचा. तो म्हणाला, ‘‘बाई, पाण्याची टाकी मी देतो. मोठी.’’ मी म्हटलं, ‘‘द्या. नाव?’’ तो म्हणाला, ‘‘बाबांचं चालेल. टाकी वर असते ना.’’ मी अगदी गंभीरपणे ‘‘हो, बरीच वर असते’’ म्हटलं, आणि तो गेल्यावर अध्यक्ष आणि मी पोट धरून हसलो. पण टाकी खरंच मोठी होती, आणि टाकीशिवाय सगळंच व्यर्थ होतं.

मे महिनाभर काम चाललं. जुनी खोली पाडली. नवी जागा व्हरांड्याच्या टोकाला घेतली, शिक्षिकांच्या खोलीसमोर, कुंपणापासून लांब. मी सुट्टीतही रोज जात होते. गवंडी मला पाहिलं की लगबगीनं ओळंबा लावायचा, इतकी मी त्याला बोलले होते. जून जवळ आला तशी माझी धाकधूक वाढली. आजीच्या घरून काही निरोप नव्हता. स्टेशनजवळच्या शाळेचे प्रवेश केव्हाच सुरू झाले होते, आणि मी कोऱ्या दाखल्यांचं पुस्तक कपाटाच्या वरच्या कप्प्यात, नजरेआड ठेवलं होतं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सगळं तयार झालं. पाटी तेवढी नव्हती. रंगाऱ्याकडून नाव रंगवून घेऊ, असं मी ठरवलं होतं. अध्यक्षांना काहीतरी कार्यक्रम हवा होता, पण संडासाची फीत कापायला कुणाला बोलवायचं? एकमत होईना. शेवटी मी आजीलाच निरोप पाठवला. ती आली. दारावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आत जाऊन कडी लावली, काढली, परत लावली. बाहेर येऊन नुसती ‘‘बरा केलाय’’ म्हणाली. पोरीबद्दल बोलली नाही, आणि माझी विचारायची छाती झाली नाही.

नारळाचं खोबरं वाटत असताना फाटकात रिक्षा थांबली. दादा उतरला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. माझ्याकडे न बघता तो सरळ व्हरांड्याच्या टोकाला गेला, कागद सोडला आणि पाटी भिंतीला लावून पाहिली. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. आईचं नाव, आणि खाली ‘कॅम्प ५, उल्हासनगर’. कैलासवासी नाही, स्मरणार्थ नाही. शाळेतल्या कुठल्याही पाटीपेक्षा ती दुप्पट मोठी होती.

‘‘तू रंगवून घेणार होतीस म्हणे,’’ तो म्हणाला. अध्यक्षांनी त्याला फोन केला असणार, मी नव्हता केला. ‘‘रंग दोन वर्षांत उडतो. लोकांना वाटलं असतं, पाटीवाल्याच्या आईला पाटी नाही.’’

त्यानं पिशवीतून ड्रिल काढलं आणि स्वतः स्क्रू मारले. मग आत गेला. नळ सोडला, बंद केला, पाणी ओतून उतार बघितला. बाहेर येऊन म्हणाला, ‘‘एक कडी खाली पण लाव. पहिलीतल्या पोरींचा हात पुरायला नको?’’ हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. नारळाला आलेल्या फर्निचरवाल्या भाईनं तिथल्या तिथे खाली कडी बसवली.

दादानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. दुसरी पाटली. ‘‘बांधलं म्हणजे झालं नाही. रोज घासायला बाई ठेव. आई दोनदा घासायची.’’ नळाकडे बघत तो म्हणाला, ‘‘आईनं आज सगळ्यांना आधी हे दाखवलं असतं.’’

‘‘आणि मग चहा,’’ मी म्हटलं. दादा हसला आणि लगेच रडला. मीही रडले. आजी मध्ये आली आणि आम्हा दोघांच्या हातावर खोबरं ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. मी फाटकाशी उभी होते, नव्या मुलांचं स्वागत करायला, आणि खरं म्हणजे एकाच मुलीची वाट बघत. पहिलीची मुलं रडत आली, त्यांच्या आया रडत आल्या, फर्निचरवाल्या भाईच्या बायकोनं मला पाहून हात जोडले. घंटा झाली. ती आली नव्हती. मी परिपाठाच्या ओळी लावायला वळले, आणि मागून आवाज आला, ‘‘बाई, बातम्या मी वाचू ना?’’ पाचवीचा गणवेश, दोन घट्ट वेण्या. आजी फाटकाबाहेरूनच परत निघाली होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

समोरच्या वाण्यानं तराजू थांबवला. त्या दिवशीच्या बातम्यांमध्ये काय होतं ते मला आठवत नाही. मी नीट ऐकल्याच नाहीत.

पहिल्या सुट्टीत ती कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली. ‘‘बाई, आजीनं सांगितलंय, तिची बाटली तुमच्याकडे ऱ्हायलीये.’’ मी कपाट उघडलं. दाखल्यांचं पुस्तक वरच्या कप्प्यात होतं, तसंच राहू दिलं. बाटली तिला दिली. तिनं ती कुणा कैलासवासींच्या फिल्टरखाली धरली, काठोकाठ भरली आणि तिथेच व्हरांड्यात उभी राहून, मान मागे टाकून घटाघट पिऊ लागली. पाणी हनुवटीवरून गणवेशावर ओघळलं. ‘‘अगं हळू, ठसका लागेल,’’ मी म्हटलं. तिनं मनगटानं तोंड पुसलं, बाटलीत किती उरलंय ते बघितलं आणि पुन्हा तोंडाला लावली. मी बघत उभी राहिले. आईला असं पाणी पिताना मी कधीच पाहिलं नव्हतं.